हळदीतला रोटर

१९५५ साल. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मरोळपासून पवईपर्यंत माझ्यासारखा ड्रायव्हर नव्हता. ही बढाई नाही. त्या पट्ट्यात तेव्हा ड्रायव्हरच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतले दोघे दुपारनंतर झिंगलेले असायचे.

माझं शिक्षण चौथी. तीसुद्धा पुरती नाही. त्यामुळे लिहिण्यात चुका निघतील. निघू देत. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, आजोबा, मी तपासून देते. मी म्हटलं, नको. मिस्त्रींबद्दल जे लिहायचंय ते मीच लिहिणार, वाकडं तर वाकडं.

मिस्त्रींचं नाव मला ठाऊक आहे, पण ते लिहीत नाही. ते हयात असताना त्यांना कोणी नावानं हाक मारली नाही, मग आता मेल्यावर कशाला? अंधेरीकडून कुर्ल्याला जाणाऱ्या रस्त्यावर, मरोळच्या जरा अलीकडे, चिंचेचं एक मोठं झाड होतं. ते झाड म्हणजे त्यांचा कारखाना. छप्पर नाही, पाटी नाही. मागे दोन खोल्यांचं कौलारू घर, त्यात ते आणि वहिनी. झाडाखाली हत्यारांची पेटी, एक ऐरण, आणि अंग टाकायला जुना गोणपाट. पाऊस आला की पेटी आत जायची, मिस्त्री मात्र गाडीखालीच राहायचे. गाडी हेच त्यांचं छप्पर.

माणूस बुटका, काटकुळा, मालवणकडचा. लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करत कुठे कुठे फिरून आलेले. तिथून दोन गोष्टी आणल्या होत्या. एक खाकी अर्धी चड्डी आणि दुसरी, साहेब लोकांबद्दलची अढी. गाडीचा मालक आला की ते त्याच्याशी बोलायचेच नाहीत. मालक विचारायचा, काय झालंय? मिस्त्री उत्तर द्यायचे ड्रायव्हरला. मालक तिथेच उभा, तरी ड्रायव्हरला. मी एकदा म्हटलं, मिस्त्री, हे बरं दिसत नाही. तर म्हणाले, "मालकाक गाडी म्हायत नसता रे. तेका गाडी कधी गावतली इतक्याच म्हायत व्हया आसता."

गाडी आली की आधी तिच्याखाली जाऊन झोपायचे. हात लावायचे नाहीत, नुसतं बघत राहायचे. बाहेर दोन पाय दिसायचे, तेवढेच. अर्धा तास, कधी तास. लोकांना वाटायचं झोपलेत. कधी कधी खरंच झोपलेले असायचे, ते मला घोरण्यावरून कळायचं. पण उठले की दुखणं कुठे आहे ते बरोबर सांगायचे, मग झोपेत बघितलं की जागेपणी, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि एक गोष्ट सांगितली तर आज कोणाला पटणार नाही. हा माणूस गाडीत बसायचा नाही. कोणत्याच. अंधेरी स्टेशनला जायचं तरी पायी, कुर्ल्याला पायी, महिन्यातून एकदा खारदांड्याला जाऊन कोळणींकडून सुकी मासळी आणायचे तेही पायी, टोपली डोक्यावर. दुरुस्त केलेली गाडी बघायची असली तर ड्रायव्हरला पुढे पाठवायचे आणि स्वतः रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून चाकांकडे बघायचे. मी विचारलं होतं का ते. "बसलंय की गाडी बरी वाटता," म्हणाले. "गादयेर बसलेल्या माणसाची नजरपण मऊ जाता. चाक बघूचा तर भायरसून."

त्या झाडाखाली मी पुढे सहा वर्षं काढली. चांगला ड्रायव्हर असून हातात पाना कसा आला, ते शेवटी येईलच.

मी ज्याच्याकडे होतो तो शेठ खडीच्या खाणीचा मालक. खाण पवईच्या अलीकडच्या टेकडीत. लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली एक जीप त्यानं घेतली होती. गाडी झकास, पण खाणीतल्या वाटेवर तिचं पोट दगडांना घासायचं. शेठला कोणीतरी सांगितलं, घाटकोपरला एक लोहार आहे, तो गाडी उचलून देतो. लोहारानं दोन दिवसांत उचलून दिली. पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, टोकाच्या कड्या लांब केल्या, पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले, आणि गाडी चार बोटं वर. उभी राहिली की नवरदेवाच्या घोड्यासारखी दिसायची. शेठ तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "देखा? अब बोल!"

बोलायची पाळी माझ्यावर लवकरच आली. गाडी खड्ड्यात गेली की स्टेरिंग हातातून हिसकायची. ब्रेक मारला, नाक खाली गेलं, की उजवीकडे पळायची. सपाट रस्त्यावर झुलायची. खड्ड्यातून बाहेर येताना पुढून ठक्क असा आवाज, घणाचा घाव बसावा तसा. पहिल्या आठवड्यात मी खाणीतलं पाण्याचं पिंप उडवलं. दुसऱ्या आठवड्यात शेठच्या ऑफिसची भिंत. विटा शेठच्या टेबलापर्यंत गेल्या.

शेठ बाहेर आला. "पीता है क्या?"

"नाही शेठ. गाडी ओढते."

"पहले क्यों नहीं ओढती थी? आता उचलली तर ओढते? गाडीला काय चक्कर येते?" आजूबाजूच्या मजुरांकडे बघत म्हणाला, "एकदा आणखी ठोकलीस ना, तर सरळ गावाला जा. बैलगाडी चालव."

मजूर हसले. चोवीस वर्षांच्या माणसाला ते हसणं कसं लागतं ते ज्याला लागलंय त्यालाच कळेल. गावाला परत जाऊन सांगणार काय? दारू प्यायचा म्हणून काढला? मी आयुष्यात थेंबाला शिवलो नव्हतो, आजही नाही.

शेवटी मीच हट्ट धरला की गाडी मिस्त्रींना दाखवू. शेठ स्वतः बरोबर आला, माझी लबाडी पकडायला. मिस्त्रींनी शेठकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "खड्ड्यात गेली की खंय वडता?"

"उजवीकडे."

"ब्रेक मारल्यार?"

"तरी उजवीकडेच."

"आवाज?"

"पुढून ठक्क. वर उसळताना."

"दारू पितंस?"

"नाही."

"मग गाडी पिता," म्हणाले, आणि तिच्याखाली जाऊन झोपले.

शेठ घड्याळ बघत बसला. अर्ध्या तासानं मिस्त्री बाहेर आले. मला खाली उतरवलं. रस्त्यानं खाणीचे चार मजूर जात होते, त्यांना बोलावून जीपच्या पुढच्या बंपरवर उभं केलं. "उडये मारा," म्हणाले. ते लाजले. "मारा रे, देवळात नाचतास ना?" चौघांनी उड्या मारायला सुरुवात केली. जीपचं नाक खालीवर व्हायला लागलं. आणि सीटवर कोणी नाही, हात लावायला कोणी नाही, तरी स्टेरिंगचं चाक आपोआप फिरत होतं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. जणू भूत बसलंय.

मजूर बघून खाली उतरले, त्यांतला एक तर छातीला हात लावून. मिस्त्री माझ्याकडे वळले, पण आवाज शेठला ऐकू जाईल इतका मोठा.

"पाटार उभो रवलंस म्हणान हात लांब झाले काय रे? गाडी उचलल्यानी. तिचो हात होतो तितकोच रवलो. आता तो लोंबकळता."

मग काठीनं जमिनीवर काढून दाखवलं. स्टेरिंगपासून खाली एक लोखंडी हात येतो, त्या हातापासून पुढच्या चाकांकडे एक रॉड जातो. गाडी होती तशी असताना तो रॉड जवळजवळ आडवा. गाडी वर गेली, एक्सल खालीच राहिला, रॉड झाला तिरपा. मग पाटा दबला की तिरपा रॉड चाकांना ढकलतो, आणि माणसानं वळवलं नाही तरी गाडी वळते. झुलायचं कारण वेगळं. कड्या लांब केल्यानं एक्सल पुढे कलंडला होता. आणि ठक्क आवाज शॉकअपचा. शॉकअप म्हणजे दणका जिरवणारी नळी. ती जुन्या उंचीच्या मापाची. गाडी उसळली की तिची लांबी संपायची आणि ती उखडायला बघायची.

शेठनं माझ्याकडे बघितलं. माफी मागितली नाही, शेठ लोक मागत नसतात. पण "गाडी इथेच राहू दे" म्हणाला आणि पायी नाक्याकडे निघाला. माझी नोकरी राहिली. माझं नाव राहिलं. ते मिस्त्रींनी राखलं, चार मजूर, एक बंपर आणि एक वाक्य, एवढ्यावर.

परवा आमच्या सोसायटीतल्या एका तरुण डॉक्टरनं नवी जीप उचलून घेतली. डोंगरात चिखल तुडवायला जातात म्हणे, हौसेनं. आम्ही पोटासाठी जे तुडवायचो ते हे सुट्टीच्या दिवशी तुडवतात. खाली उभा राहून कोणाला तरी फोनवर सांगत होता की स्टेअरिंग हिसकतं, पुढून आवाज येतो. मी म्हटलं, डॉक्टर, दोन चपात्यांची कणिक घेऊन या, मी सांगतो. तो हसला. हसू दे. मला फोन ठेवून विचारलं असतं तर सांगितलं असतं.

कणकेचं असं होतं. उचललेल्या गाडीत नवा हात घातला, रॉड खाली आणला, शॉकअप हलवला, की एक भीती राहते. चाक दगडावर चढलेलं असताना स्टेरिंग पुरतं वळवलं, तर हा रॉड आणि तो शॉकअप एकमेकांना घासतील का? उभ्या गाडीत घासत नाहीत. दगडावर चढून वळल्यावरच घासतात, आणि तेव्हा आत डोकं घालून बघायला कोणी नसतं. मग मिस्त्री काय करायचे? दोन बोटं जाडीचा कणकेचा गोळा त्या फटीत चिकटवायचे. चाक दगडावर चढवायचे, मागे सहा माणसं बसवायचे, आणि स्टेरिंग टोकापर्यंत फिरवायला लावायचे. गाडी खाली घेऊन गोळा बघायचे. एका बोटापेक्षा पातळ झाला असेल तर काम परत. माती लावा, असं कोणी म्हटलं की रागवायचे. मातीला भेग जाते, ती पडते, खोटं सांगते. कणिक सगळं लक्षात ठेवते. एकदा दाबलेली कणिकही पुन्हा वापरायची नाही, ग्रीस लागलेली कणिक साक्षीदार म्हणून बाद.

त्या काळी गहू रेशनवर. वहिनी काय म्हणत असतील ते सांगायला नको. पण सांगतोच, कारण त्यांचा आवाज अजून कानात आहे. "शिरा पडली त्या गाडयेर! माणसांच्या पोटात नाय आणि लोखंडाक चपाती?" तरी मळून द्यायच्या. फक्त त्या दिवशी मिस्त्रींच्या ताटात दोन चपात्या कमी. मिस्त्री ते बोलून दाखवायचे नाहीत, मीठ लावून मिरची खायचे.

आमची जीप झाडाखाली राहिली ती अकरा दिवस. शेठ तिसऱ्या दिवशी आला. म्हणाला, लोहार म्हणतो हात तापवून तासाभरात वाकवून देतो, तू का बसलास? मिस्त्रींनी मला उत्तर दिलं. "तापवन वाकवलेलो हात आणि मोडलेलो हात, दोघांत फरक इतकोच की मोडलेलो दिसता." स्टेरिंगच्या कुठल्याही भागाला ते आग लावू द्यायचे नाहीत. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे पायी खेपा घातल्या आणि सहाव्या दिवशी एका मोडक्या ट्रकचा हात सापडला. घडीव, दात जुळणारा, चार बोटं खाली उतरलेला. तो त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणला, सोन्याचा असावा तसा. पुढच्या पाट्यांखालचे लोहाराचे ठोकळे काढून फेकले, कलंडलेला एक्सल सरळ करायला पाचरी घासून बसवल्या, शॉकअपचा खालचा पाय सरकवला.

काम अर्धवट असेपर्यंत कोणी गाडी हलवू नये म्हणून ते रोटर काढून घ्यायचे. इंजिनाच्या बाजूला टोपी असते, तिच्यात अंगठ्याएवढा तुकडा. तो नसला की गाडी म्हणजे पत्रा. हा रोटर ते वहिनींच्या मिसळणाच्या डब्यात ठेवायचे, हळदीच्या वाटीत. का, तर तिथे कोणी हात घालत नाही. गाडीला परत बसवताना तो पिवळा धम्मक असायचा, सदऱ्याला पुसून आणि फुंकर मारून घालायचे. मरोळमध्ये लोक म्हणायचे, मिस्त्रींच्या हातची गाडी हळद लावून येते.

दहाव्या दिवशी मला त्या डब्याचा राग आला. का कोण जाणे. मी म्हटलं, "मिस्त्री, मी काय चोर आहे? दहा-दहा दिवस माझ्यापासून रोटर लपवता? गाडी माझ्या हातची आहे."

अकराव्या दिवशी पहाटेच डाव्या वळणाची कणिक लावून झाली. गोळा दीड बोटाचा निघाला, म्हणजे पास. उजव्या वळणाला कणिक उरली नाही. गहू संपले होते. मिस्त्री खारदांड्याला निघाले, टोपली घेतली, आणि जाता जाता माझा हात धरून तळहातावर रोटर ठेवला. पिवळा.

"तुझ्याकडे ठेव. उजवी बाजू उद्या. वयनी खंयसून तरी वाटीभर पीठ आणतली."

"डावी बसली म्हणजे उजवी बसणारच की," मी म्हटलं.

"रॉड एकीकडेच आसा रे घाट्या. दोन बाजू सारख्यो नसतत." आणि गेले.

इतक्या वर्षांत त्यांनी कोणाच्या हातात रोटर दिला नव्हता. हे मला तेव्हा माहीत होतं. नव्हतं असं मी आता म्हणू शकत नाही.

दुपारी मी नाक्यावर चहाला गेलो. तिथे खाणीचे लॉरीवाले बसलेले. त्यांतला एक, ज्याच्याशी माझं कधी जमलं नाही, म्हणाला, "काय ड्रायव्हर, आज चप्पल कुठल्या गियरमध्ये?"

सगळे हसले.

"अकरा दिवस झाले. गाडी झाडाला बांधलीय म्हशीसारखी. दूध तरी देते का रे?"

"उद्या मिळेल," मी म्हटलं.

"उद्या! अरे, त्या म्हाताऱ्यानं तुला रोटर तरी दिला का? का बायकोच्या डब्यात ठेवलाय?"

माझा हात खिशावर गेला. "माझ्याकडे आहे."

"असेल तर दाखव ना, यार."

मी दाखवला. तिथेच थांबायला हवं होतं. पण तो म्हणाला, "रोटर काय, कोणीपण दाखवेल. गाडी दाखव." मी उठलो. चहा अर्धा राहिला.

वहिनी मागे विहिरीवर होत्या. मी रोटर बसवला, बटण दाबलं, गाडी एका दमात बोलली. आणि काय चालली म्हणून सांगू! नाक्यावरून मुद्दाम दोनदा नेली. सरळ रेषेत, एका हातानं. मुद्दाम खड्ड्यात घातली, स्टेरिंग हललं नाही. ठक्क नाही, झुलणं नाही. लॉरीवाला बघतच राहिला. मला वाटलं, शेठलाही आत्ताच दाखवावी. पवईच्या रस्त्याला लावली.

चारच्या सुमाराला खाणीत पोचलो. शेठ ऑफिसबाहेर खुर्ची टाकून बसला होता, तीच भिंत नवीन विटांची. मी हॉर्न दिला आणि वरूनच खाली उतरायची वाट धरली. त्या वाटेला एक उजवं वळण होतं, डाव्या अंगाला टेकडी, उजव्या अंगाला पाण्यानं भरलेली जुनी खाण. वळणावर डावं चाक दगडावर चढलं. मी स्टेरिंग पुरतं उजवीकडे फिरवलं. वळली. सरळ करायला गेलो तर होईना. काहीतरी आत अडकलं होतं. दोन्ही हात, पाय टेकवून जोर, तरी होईना, आणि गाडी उजवीकडे पाण्याच्या दिशेला चाललेली.

वाटेच्या कडेला खडीचा ढीग होता म्हणून मी आज हे लिहितोय. गाडी त्यावर चढली आणि पोटावर बसली. पुढचं एक चाक पाण्यावर हवेत फिरत राहिलं. चार बोटं उचललेलं पोट शेवटी दगडावरच टेकलं. माझी भुवई फुटली, बाकी कोणाला काही झालं नाही. शेठ धावत आला, आणि त्यानं मला विचारलंसुद्धा नाही. "मिस्त्रीनं मारलं असतं तुला!" म्हणाला. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

लॉरीला साखळी बांधून गाडी झाडाखाली ओढत आणली. मिस्त्री नुकतेच आले होते, टोपली अजून डोक्यावर. शेठनं उतरताच तोंड सोडलं. अकरा दिवस खाल्ले, माझा ड्रायव्हर मेला असता, उद्यापासून एकाही खाणीची गाडी या झाडाखाली येणार नाही, सगळ्या खाणवाल्यांना मी सांगतो. लॉरीवाले गोळा झाले होते. चहावाला आला होता.

मिस्त्रींनी टोपली खाली ठेवली. वाकून गाडीच्या पुढच्या बाजूला बघितलं. रॉडवर चांदीसारखा ओरखडा होता, शॉकअपच्या बोल्टाच्या डोक्याचा. त्यावरून बोट फिरवलं. उठले. माझ्याकडे बघितलं, पण तोंडाकडे नाही, सदऱ्याच्या खिशाकडे. मी येताना रोटर काढून परत खिशात टाकला होता, सवय म्हणून.

मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मालकाशी बोलताना बघितलं. शेठच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "गाडी माझ्या झाडाखालसून गेली. चूक माझी."

एवढंच. शेठ आणखी बोलला, ते ऐकून घेतलं. लोक पांगले. लॉरीवाला जाताना म्हणाला, "हळद लावून पण लग्न मोडलं की रे." मिस्त्री पेटीपाशी बसून एकेक पाना पुसून आत ठेवायला लागले. इतर दिवशी ते पाने बाहेरच ठेवायचे.

मी भुवईला फडकं धरून उभा होतो. वहिनी मिसळणाचा डबा हातात घेऊन बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डब्यात रोटर नाय," म्हणाल्या. "खंय आसा?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "गावतलो," म्हणाले. म्हणजे सापडेल.

मी निघून आलो. रोटर माझ्या खिशातच होता. रात्री खोलीत जेवलो नाही, आणि झोपही लागली नाही, त्याचं काही सांगण्यासारखं नाही. सगळ्यांना माहीत असतं ते कसं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच माझ्या वाट्याचे आठवड्याचे गहू होते त्याचं पीठ मळलं. मला चांगलं मळता येत नाही, सैल झालं, मग आणखी पीठ घातलं. ओल्या फडक्यात बांधलं. तसाच चालत खाणीत गेलो. मजुरांची हजेरी चालली होती, शेठ समोर, लॉरीवालेही होते. तेच पाहिजे होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "शेठ, काल गाडी मी नेली. मिस्त्रींनी नको सांगितलं होतं. रोटर माझ्याकडे विश्वासानं दिला होता. उजवी बाजू तपासायची राहिलीय हे मला ठाऊक होतं. चूक माझी, त्यांची नाही. तुम्ही सगळ्या खाणवाल्यांना सांगणार होता ना? आता हे सांगा."

या वेळी कोणी हसलं नाही.

शेठनं लॉरीवाल्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "तू जा. इथे परत येऊ नकोस."

"गाडीचं काय?"

"गाडीचं मिस्त्री बघेल," म्हणाला, आणि हजेरीकडे वळला.

मी पवईहून मरोळला पायी आलो. झाडाखाली जीप उभी होती, हत्यारांची पेटी उघडी होती, आणि गाडीखालून दोन पाय दिसत होते. घोरणं ऐकू येत नव्हतं. म्हणजे जागे होते. मी खाली बसलो आणि गाडीखाली हात घालून त्यांच्या तळहातावर रोटर ठेवला.

तो हात मिटला. मग बाहेर आला आणि रोटर माझ्या हातात परत दिला. खाचेत अजून हळद होती.

"तो तुझ्याकडेच रवांदे," खालून आवाज आला. "कणिक किती हाडलंस?"

"दोन्ही बाजूंना पुरेल एवढी."

"दी," म्हणाले. मी फडकं सोडलं.